डॉकर सर्व्हिस रिस्टार्ट केली की कंटेनर बंदच राहतात, ते आपोआप कसे सुरू होतील?

तुमचे कंटेनर (डॉकर ॲप्स ज्या वेगळ्या डब्यांत चालवतो ते) रिस्टार्ट पॉलिसी, म्हणजे बंद पडल्यावर पुन्हा कधी सुरू व्हायचं हा नियम, न देता बनवलेले दिसतायत. डीफॉल्ट पॉलिसी 'नो' असते, म्हणजे डॉकर पुन्हा उठला तरी कंटेनरला उठवत नाही. कंटेनर नव्याने बनवायची गरज नाही. डॉकरच्या 'अपडेट' कमांडला रिस्टार्टचा पर्याय देऊन चालत्या कंटेनरचीही पॉलिसी बदलता येते.

'ऑलवेज' ठेवू नका, 'अनलेस-स्टॉप्ड' ठेवा. 'ऑलवेज'मध्ये तुम्ही मुद्दाम थांबवलेला कंटेनरसुद्धा सर्व्हिस रिस्टार्ट होताच पुन्हा जिवंत होतो. मी एकदा जुना डेटाबेस असाच थांबवून ठेवला होता. सॉफ्टवेअर अपडेटनंतर तो गुपचूप उठला आणि पोर्ट अडवून बसला. अर्धा दिवस गेला शोधण्यात! 'ऑन-फेल्युअर' इथे कामाचं नाही, ते फक्त कंटेनर एरर देऊन बंद पडला तरच चालतं.

एक गोष्ट लोक विसरतात: सर्व्हर रीबूट झाल्यावर डॉकर स्वतः सुरू व्हायला हवा, म्हणून सिस्टमडीमध्ये (लिनक्समध्ये सर्व्हिसेस सुरू-बंद करणारी यंत्रणा) ती सर्व्हिस एनेबल आहे ना ते बघा.

आणि सर्व्हिस रिस्टार्ट होताना कंटेनर मुळात थांबूच नयेत असं हवं असेल, तर डॉकर डेमनच्या (मागे सतत चालणारी डॉकरची सर्व्हिस) सेटिंग्जच्या जेसन फाइलमध्ये 'लाइव्ह-रिस्टोअर' ट्रू करा. स्वॉर्म (अनेक सर्व्हर जोडून कंटेनर चालवायची डॉकरची सोय) वापरत असाल तर मात्र हे चालणार नाही.