रात्री पाठ, सकाळी पाटी कोरी

"मॅडम, रात्री दोनला मी स्वतः प्रश्न विचारते, हा धडाधड सांगतो. आणि सकाळी पेपरात पाटी कोरी! डोक्यातच काही कमी आहे का हो?" लालबागच्या चाळीतून आलेल्या ताईंचे डोळे भरून आले. बारावीतला ओंकार (नाव बदललंय) टेबलाच्या कडेवर बोटं वाजवत बसला होता.

"तबला शिकतोस?"

"हो. पण हल्ली हातच बसत नाही. 'धाधा तिट धाधा तिना' दुगुणीत, म्हणजे दुप्पट लयीत घेतलं की तिटवर बोट अडकतं."

मला या अडकलेल्या बोटानेच वाट दाखवली. व्याख्या आणि बोल, दोन्ही एकदम निसटत असतील तर बुद्धीवर शंका घेण्याआधी झोप विचारावी. घर एका खोलीचं. बाबा दुसऱ्या पाळीहून साडेअकराला येतात, मग जेवण, टीव्ही. बारानंतर अभ्यास, अडीचला अंथरूण, साडेपाचला क्लाससाठी गजर. जेमतेम तीन तास! या वयाला आठ तरी हवेत.

1924 मध्ये अमेरिकेत जेनकिन्स आणि डॅलनबाख यांनी दोन विद्यार्थ्यांकडून निरर्थक अक्षरं पाठ करून घेतली. तेवढाच वेळ जागं राहण्यापेक्षा झोपून उठल्यावर त्यांना जास्त आठवलं. पुढच्या संशोधनातून आणखी उलगडा झाला. दिवसभरात शिकलेलं आधी मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसमध्ये कच्चं टिपलं जातं. रात्रीच्या पहिल्या भागातल्या गाढ झोपेत त्याची उजळणी होते आणि ते कॉर्टेक्समध्ये, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थरात मुरतं. व्याख्या, सनावळ्या अशाच पक्क्या होतात. बोटांच्या सरावाला मात्र पहाटेकडची हलकी झोप फार उपयोगी पडते, आणि ओंकारचा गजर नेमकी तीच तोडत होता. मग व्याख्या का निसटत होत्या? पेंगुळलेला मेंदू मुळात नीट टिपूनच घेत नाही. दोनला म्हणून दाखवलेलं तेवढ्यापुरतं असतं.

"ताई, मुलाच्या डोक्यात काहीही कमी नाही," हे मी त्यांना दोनदा सांगितलं. एकदा सांगून आईला पटत नाही.

अभ्यास संध्याकाळी मंडळाच्या अभ्यासिकेत, साडेदहाला अंथरूण, सकाळचा क्लास बंद करून दुपारचा, एवढं ठरलं. अडचण टीव्हीची होती, म्हणून बाबांना बोलावलं. सगळं ऐकून ते बराच वेळ गप्प राहिले. "मला कुणी सांगितलंच नाही," एवढंच म्हणाले.

तीन आठवड्यांनी ओंकारने माझ्या टेबलावर तोच कायदा (तबल्याच्या बोलांची रचना) दुगुणीत वाजवला. तिट स्वच्छ आला. रसायनशास्त्राचे मार्क थोडेच वाढलेत, पण पेपरात हात थांबत नाही म्हणाला. बाबा आता दार लोटून घेतात आणि गॅलरीत बसून जेवतात.