कुंदीमान: 'फिलिपिनो भावगीत' म्हणावं का?

प्रश्न असा आला आहे: फिलिपीन्सच्या संगीतकारांविषयी मराठीत वाचताना एका गीतप्रकाराचं नाव कुठे 'कुंडीमन', कुठे 'कुंदिमन', तर कुठे 'कुंदीमान' असं दिसतं. त्यातलं बरोबर कोणतं? शब्दाचा अर्थ काय? सरळ 'फिलिपिनो भावगीत' म्हटलं तर चालेल का? आणि 'हाराना' म्हणतात ते हेच का?

'कुंदीमान' लिहावं. तागालोग या फिलिपीन्समधल्या भाषेत आपला 'ड' नाही, तिथला उच्चार दंत्य 'द'चा आहे, म्हणून 'कुंडी' नको. आघात मधल्या अक्षरावर पडतो आणि ते लांबतं, म्हणून 'दी' दीर्घ. शेवटचा स्वर आपल्या 'मन'मधल्या 'अ'सारखा नसून 'आ'च्या जवळचा आहे, म्हणून 'मान'. आपल्याकडे हे शब्द बहुधा इंग्रजी स्पेलिंगवरून येतात आणि वाटेत त्यांचा उच्चार हरवतो. संगीतकारांच्या नावांचंही तेच होतं. 'जोस मॅसेडा' नव्हे, होसे मासेदा. 'निकॅनॉर' नव्हे, निकानोर. देवनागरीत हे उच्चार जवळजवळ जसेच्या तसे लिहिता येतात, मग इंग्रजीच्या दारातून कशाला जायचं?

आता अर्थ. शब्दाची फोड साधारणपणे 'कुङ हिंदी मान' अशी केली जाते. यातला 'हिंदी' पाहून दचकू नये. तागालोगमध्ये त्याचा अर्थ 'नाही' असा आहे आणि आपल्या हिंदी भाषेशी त्याचा काही संबंध नाही. 'कुङ' म्हणजे जर. या दोहोंचा संकोच होऊन झालेला 'कुंदी' हा शब्द आजही बोलण्यात आहे. 'मान' हा अव्ययासारखा छोटा शब्द आहे आणि त्याचं काम आपल्या 'तरी'शी किंवा 'सुद्धा'शी फार जुळतं. 'लाहात' म्हणजे सगळे. 'कुङ हिंदी मान लाहात' म्हणजे 'सगळे नसले तरी'. तेव्हा कुंदीमान म्हणजे शब्दशः 'नसलं तरी', 'तसं नसेल तरी'. हे प्रेमगीताचं नाव झालं यात मला नवल वाटत नाही. या गाण्यांतला प्रियकर बहुतेक वेळा होकाराची खात्री नसतानाच बोलत असतो.

तरी व्युत्पत्तीवरून प्रकार ओळखता येत नाही. कुंदीमान कानाने ओळखायचं असतं आणि 'भावगीत' या भाषांतराला माझा विरोध आहे तो इथेच. संथ लय, तीन मात्रांचा ठेका. पूर्वार्ध मायनरमध्ये, उत्तरार्ध त्याच आधारस्वराच्या मेजरमध्ये. आपल्या परिभाषेत सांगायचं तर षड्ज जागेवरून हलत नाही, पण मध्यावर कोमल गंधार-धैवत शुद्ध होतात. तेवढ्याने सगळ्या गाण्याचा चेहरा उजळतो. विनवणी, झुरणं, तक्रार पहिल्या भागात आणि मग तो उजेड. नव्या कानालाही हे वळण दोन-तीन गाणी ऐकल्यावर सापडतं.

भावगीताला असा साचा नाही. ते दादऱ्यात असेल, केरव्यात असेल, एखाद्या रागावर बेतलेलं असेल नाहीतर कुठल्याच रागात नसेल. आपण त्याला भावगीत म्हणतो ते त्यातल्या कवितेमुळे, एका मनाची एक भावना एका गळ्यातून आली म्हणून. कुंदीमानाला कुंदीमान म्हणतात ते चालीच्या घडणीमुळे. विषय मागाहून येतो, आणि तो नेहमी प्रेयसीच असतो असंही नाही.

हे लोकगीत म्हणून एकोणिसाव्या शतकात रुजलेलं होतं. त्याला मैफलीच्या गाण्याचं रूप आलं ते विसाव्या शतकात. मनिलाच्या फिलिपीन्स विद्यापीठाची संगीतशाळा 1916 साली सुरू झाली आणि तिथल्या संगीतकारांनी ही चाल पियानोवर नीट बांधली. फ्रान्सिस्को सान्तियागो (1889–1947) यांचं 'आनाक-दालिता' 1917 सालचं. शीर्षकाचा अर्थ 'दुःखाचं लेकरू'. सान्तियागोंना या कलागीताचे जनक मानतात. दुसरं नाव निकानोर आबेलार्दो (1893–1934) यांचं. 'नासाआन का, इरोग' म्हणजे 'कुठे आहेस, प्रिये'. 'मुत्या नांग पासिग' हे मनिलातून वाहणाऱ्या पासिग नदीच्या सुंदरीचं गाणं. एखाद्याला कुंदीमान म्हणजे काय हे ऐकवायचं असेल, तर मी प्रथम हेच दुसरं देईन. चाळिशी ओलांडताच आबेलार्दो गेले. त्यापूर्वी 1931 साली ते शिकागोला शिकायला गेले होते आणि तिथून परतल्यावर त्यांचं संगीत आधुनिकतेकडे स्पष्ट वळलं होतं. त्यामुळे त्यांची ओळख फक्त 'कुंदीमानकार' अशी करून देणं अपुरं ठरतं.

शब्दाला आणखी एक पदर आहे आणि 'भावगीत' म्हटलं की तो हमखास गळतो. स्पेनविरुद्धच्या क्रांतीच्या काळात 'होसेलिनांग बालिवाग' हे गाणं लोकांच्या तोंडी होतं. बुलाकान प्रांतातल्या बालिवाग गावच्या एका तरुणीवरचं ते प्रेमगीत, पण क्रांतिकारकांनी ते आपलं केलं आणि 'क्रांतीचं कुंदीमान' हेच त्याचं दुसरं नाव झालं. पुढे स्पेनच्या जागी आलेल्या अमेरिकी राजवटीने 1907 साली कायदा करून फिलिपिनो ध्वज फडकवण्यावर बंदी घातली. ती 1919 साली उठली. देशाचं नाव उघड घेणं अवघड असताना प्रेयसीला उद्देशून गायचं आणि ऐकणाऱ्याने मायभूमी समजून घ्यायची, हा संकेत या गाण्यांत मुरला.

'बायान को', म्हणजे 'माझा देश', या गाण्यात तो आडपडदाही उरला नाही. शब्द कवी होसे कोरासोन दे हेसूस यांचे, चाल कोन्स्तान्सियो दे गुस्मान यांची. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या अखेरीचं हे गाणं. पुढे 1983 साली विरोधी नेते बेनिग्नो अकिनो यांची हत्या झाल्यावर हुकूमशहा मार्कोस यांच्याविरुद्धच्या मोर्च्यांत आणि 1986 च्या जनआंदोलनात ते घुमलं. घडण ऐका: पूर्वार्ध मायनरमध्ये, देशाच्या सोन्याफुलांचं वर्णन आणि मग परक्याची गुलामी. 'उडायला मोकळा असलेला पक्षीसुद्धा कोंडला तर रडतो' ही ओळ आली की चाल मेजरमध्ये उघडते. त्या ओळीची सुरुवात 'इबोन मांग' अशी आहे. इबोन म्हणजे पक्षी, आणि 'मांग' हा वर सांगितलेलाच 'मान', पुढच्या शब्दाला जोडून आलेला. ज्या 'सुद्धा'ने गीतप्रकाराच्या नावाचा शेवट होतो, तोच इथे गाण्याच्या ऐन वळणावर उभा आहे. मला ही जागा प्रत्येक वेळी हलवते. मोर्च्यात गायल्या जाणाऱ्या या गाण्याला 'फिलिपिनो भावगीत' म्हणून पाहा, आपल्या वाचकाच्या मनात सोफ्यावर बसून ऐकायचं काहीतरी उभं राहील.

उलटी चूकही होते: फिलिपीन्सचं कुठलंही हळवं गाणं कुंदीमान ठरवलं जातं. फ्रेडी अगिलार यांचं 1978 सालचं 'आनाक' जगभर गाजलं. सान्तियागोंच्या शीर्षकातलाच 'आनाक' (अपत्य) हा शब्द तिथेही आहे, पण ते गिटारवरचं लोकधाटणीचं आधुनिक गाणं आहे, कुंदीमान नव्हे. होसे मासेदा तर फारच दूरचे. त्यांनी 1 जानेवारी 1974 रोजी 'उग्नायान' ही रचना वीस ध्वनिपट्ट्यांत विभागून मनिलाच्या वीस रेडिओ केंद्रांवरून एकाच वेळी प्रसारित केली. लोकांनी आपापले ट्रान्झिस्टर घेऊन चौकांत, बागांत जमायचं आणि सगळे रेडिओ मिळून संगीत घडायचं, अशी ती कल्पना. कुंदीमान ही फिलिपिनो संगीताची एक वाट आहे, सगळ्या मुलखाला ते नाव देऊ नये.

'हाराना'चं उत्तर थोडक्यात: ते कुंदीमानाचं दुसरं नाव नाही, ती मुळात एक प्रथा आहे. रात्री मित्रांना आणि गिटारीला घेऊन मुलीच्या खिडकीखाली जाऊन गायचं, ते हाराना. तिथे कुंदीमान गायलं जाई, इतर गाणीही गायली जात. 'हराना' असं लिहिलं तर वाचणारा हिंदीतल्या 'हराना'कडे, म्हणजे पराभव करण्याकडे, जाईल, म्हणून पहिला आकार सोडू नका.

तेव्हा शब्द तसाच ठेवावा. मांडोला आपण 'गोव्याचं भावगीत' म्हणत नाही, गझलला 'उर्दू भावगीत' म्हणत नाही. त्या नावांनिशीच ते प्रकार मराठीत नांदले. पहिल्यांदा येईल तिथे 'कुंदीमान हा तीन मात्रांत चालणारा, मायनरमधून मेजरमध्ये जाणारा फिलिपिनो गीतप्रकार' एवढी ओळ पुरते. लिंग मी नपुंसक धरतो, 'गाणं' मनात असतं म्हणून: ते कुंदीमान, ती कुंदीमानं, कुंदीमानाची चाल, कुंदीमानात. प्रकाराविषयी बोलताना 'हा कुंदीमान' म्हटलं तरी खटकत नाही, फक्त एका लेखात एकच धरावं.