फ्लूची साथ आणि फिनेलची बाटली: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

पावसाळा लागला की आपल्याकडे फ्लूचे रुग्ण वाढतात, थंडी सरताना पुन्हा थोडे वाढतात. एच१एन१ (म्हणजे आपण ज्याला स्वाइन फ्लू म्हणतो तो) असो की एच३एन२, फ्लूच्या या दोन्ही प्रकारांची पसरायची रीत एकच. यंदा आलेले निम्मेअधिक प्रश्न मात्र एकाच वळणाचे आहेत: कोणतं लिक्विड आणायचं, किती झाकणं टाकायची, दिवसातून कितीदा पुसायचं. फ्लू मुख्यतः आजारी माणसाच्या खोकण्या-शिंकण्यातून, बोलण्यातून, जवळच्या हवेतून पसरतो. हात आणि वस्तू त्याखालोखाल. लादीचा नंबर फारच मागे. एवढं ध्यानात ठेवून पुढचं वाचा.

आमच्या सोसायटीत दोन घरांत स्वाइन फ्लू निघाला. एक एजन्सी जिने, लिफ्ट, पार्किंगमध्ये 'सॅनिटायझेशन फवारणी' करून तीन महिन्यांचं प्रमाणपत्र देते म्हणते. करून घ्यावी का? (सोसायटीचे सचिव, ठाणे)

नको. तीन महिन्यांची हमी कशाची? फवारणारा गेटबाहेर पडायच्या आत कुणीतरी शिंकलेल्या हाताने लिफ्टचं बटण दाबतं. संपली हमी. कडक, गुळगुळीत वस्तूंवर हा विषाणू साधारण एक-दोन दिवस तग धरतो, कापडा-कागदावर त्याहून कमी, आणि मग आपला आपण निकामी होतो. पार्किंगच्या फरशीवरून तो कुणाच्या नाकात उडी मारत नाही. २०२० च्या एप्रिलमध्ये माणसांच्या अंगावर सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीचचं पाणी, उडवणारे 'बोगदे' उभे राहिले होते, तेव्हा असं करू नका म्हणून केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला पत्रक काढावं लागलं. आता तोच फवारा नवं दरपत्रक घेऊन जिन्यात आलाय.

लिफ्टची बटणं, जिन्याचा कठडा, गेटची कडी आणि वॉचमनच्या टेबलावरचं ते दोरीला बांधलेलं पेन, एवढं दिवसातून दोनदा साबणाच्या पाण्यातून पिळलेल्या फडक्याने पुसून घ्या. ते एकच पेन दूधवाल्यापासून पार्सलवाल्यापर्यंत सगळ्यांच्या हातातून फिरतं आणि आजवर कुणी पुसलेलं माझ्या तरी पाहण्यात नाही. वाचलेल्या पैशांत सफाई कामगाराला हातमोजे द्या.

स्वाइन फ्लूच्या दिवसांत चिकन-मटण बंद करावं का?

नाही. नीट शिजवलेलं काहीही, अगदी डुकराचं मांससुद्धा खाल्ल्याने हा आजार होत नाही.

घर पुसायला मी पाण्यात फिनेल, ब्लीच आणि थोडं टॉयलेटचं ॲसिड असं एकत्र टाकते. वास उग्र येतो, पण जंतू मरत असतील ना? (गृहिणी, सांगली)

आजपासून बंद. ब्लीच आणि ॲसिड एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. तुम्हाला येतो तो उग्र वास त्याचाच. बंद बाथरूममध्ये तो डोळे चुरचुरवतो, घसा आवळतो, दम्याच्या माणसाला दवाखान्यात पोहोचवतो. अमोनिया असलेल्या काचपुसणीसोबतही ब्लीच नको. पुसताना ठसका लागला तर लगेच बाहेर मोकळ्यावर या, आणि धाप राहिली तर थेट डॉक्टरांकडे.

मुळात घरात कुणी आजारी नसेल तर साबणाचं पाणी पुरतं. फ्लूच्या विषाणूभोवती चरबीचं पातळ आवरण असतं आणि साबण ते फोडतो. घरात रुग्ण असेल तर कडी-कोयंडे, स्विच, नळ, फ्लशचं बटण, रिमोट, त्याच्या उशाजवळचं टेबल याकडे जास्त लक्ष द्या. त्यातला रिमोट आणि मोबाइल आधी बंद करून सत्तर टक्के अल्कोहोलने ओलसर केलेल्या फडक्याने पुसा. बाकीच्या वस्तूंना ब्लीच वापरायचंच असेल तर बाटलीवर टक्केवारी बघा. चार टक्क्यांचं असेल तर एक लिटर साध्या, गार पाण्यात २५ मिलि. गरम पाणी नको. वस्तू आधी साबणाने पुसून घ्या, कारण मळावर ब्लीच वाया जातं. मग हे पाणी लावून दहा मिनिटं राहू द्या आणि साध्या पाण्याने पुसून टाका. खिडकी उघडी, हातात मोजे. रोज ताजं करायचं, उरलेलं ओतून द्यायचं.

आणखी एक. दारावर येणाऱ्या विक्रेत्याकडून कोल्ड्रिंकच्या जुन्या बाटलीत भरलेलं ॲसिड-फिनेल घेऊ नका. त्यावर ना टक्केवारी असते ना तारीख, आणि घरातल्या पोराला ती बाटली कोल्ड्रिंकचीच वाटते. लेबलवरच्या '९९.९ टक्के जंतू नष्ट'बद्दलही विचारणा आहे: त्या आकड्याच्या डोक्यावर बहुधा एक बारीक फुली (*) असते, तिची तळटीप भिंग घेऊन वाचा.

साबण की सॅनिटायझर?

घरी साबण, प्रवासात सॅनिटायझर. साबण महाग असायची गरज नाही, 'अँटिबॅक्टेरियल' तर नाहीच. फ्लू बॅक्टेरिया नव्हे, विषाणू आहे. वीस सेकंद चोळायचं, त्यात अंगठे आणि बोटांची टोकं येतात. बहुतेकजण तळवे चोळतात आणि ही दोन ठिकाणं कोरडी सोडतात. सॅनिटायझरमध्ये अल्कोहोल किमान ६० टक्के हवं. हात मळलेले किंवा तेलकट असतील तर त्याचा उपयोग कमी होतो.

धुतलेले हात सगळ्या घराच्या एकाच ओल्या नॅपकिनला पुसू नका. खिशातल्या त्याच रुमालाला तर नकोच, ज्यात मघाशी शिंकलात.

आणि सॅनिटायझरची बाटली औषधांच्या खणात ठेवू नका. ३१ जानेवारी २०२१ ला यवतमाळ जिल्ह्यात पोलिओ लसीकरणात बारा मुलांच्या तोंडात लशीऐवजी सॅनिटायझरचे थेंब गेले. मुलं सुदैवाने बरी झाली. लसीकरण केंद्रावर जे होऊ शकतं ते रात्री दोन वाजता अर्धवट झोपेत तुमच्या घरीही होऊ शकतं.

कापूर-वेलचीची पुरचुंडी गळ्यात बांधली किंवा रुमालावर निलगिरी टाकली तर विषाणू मरतो, असं फॉरवर्ड आलंय. आठ महिन्यांच्या नातवाला बांधू का? (आजी, नाशिक)

आजी, अजिबात नको. २००९ मध्ये स्वाइन फ्लूच्या साथीत पुण्यात अर्धं शहर निलगिरीचे रुमाल नाकाला लावून फिरत होतं. साथीवर त्याचा काडीचा परिणाम झाला नाही. वासाने नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, पण विषाणू जागच्या जागी असतो. तुम्हाला मोठ्यांना फार अपाय नाही, पण बाळाच्या हाताशी कापूर नकोच. तो पोटात गेला तर थोड्या प्रमाणातही झटके येऊ शकतात, आणि आठ महिन्यांचं बाळ हाताला लागेल ते तोंडातच घालतं. असं काही झालंच तर उलटी करवू नका, लगेच रुग्णालयात न्या.

दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही पाच जण. मोठ्या मुलाला फ्लू झालाय. 'रुग्णाला वेगळ्या खोलीत ठेवा' म्हणतात, ती खोली आणायची कुठून? (लालबाग, मुंबई)

तुमचा राग रास्त आहे. हे सल्ले लिहिणाऱ्यांची घरं मोठी असतात.

मुलाची जागा खिडकीपाशी करा. समोरचं दार उघडं ठेवा म्हणजे हवा आरपार जाईल. टेबलफॅन असेल तर तो खिडकीकडे तोंड करून लावा, खोलीतली हवा बाहेर फेकली जाऊ दे. मुलावरून इतरांकडे वारा येईल असा लावू नका. पाऊस आत येतो म्हणून खिडकी गच्च लावून घेणं सर्वात वाईट. चार बोटं उघडी ठेवून खाली गोणपाट टाका. झोपताना त्याचं डोकं एका टोकाला, बाकीच्यांची विरुद्ध टोकाला. सगळे खोलीत असताना त्याला साधा तीन पदरी मास्क लावा, म्हणजे खोकला तिथेच अडेल.

सेवा एकानेच करावी. ती व्यक्ती गरोदर नको, साठीच्या पुढची नको, मधुमेहाची किंवा दम्याची नको. नाक पुसायला जुन्या सुती साडीचे तुकडे चालतील. वापरले की पिशवीत टाकून तोंड बांधायचं, पिशवी कचऱ्यात, हात साबणाने. त्याची चादर झटकू नका, नेहमीच्या पावडरमध्ये धुवा आणि जमेल तसं ऊन दाखवा. ताट-वाटी वेगळी काढायला नको, साबणाने घासली की झालं. पाण्याचा पेला मात्र त्याचा त्याला.

घरात गरोदर बाई, तान्हं बाळ किंवा वयस्कर असतील तर त्यांच्यासाठी आधीच काय करता येईल ते आजच डॉक्टरांना विचारून घ्या.

मुलाला सकाळी थोडा ताप होता, पॅरासिटामॉल देऊन शाळेत पाठवलं. चाचणी परीक्षा होती. डब्यासोबत सॅनिटायझर आणि वेट वाइप्सही दिले. आणखी काय खबरदारी घ्यावी? (पालक, पिंपरी)

घरी ठेवावं. खबरदारी ती होती.

तुम्ही एकटे नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. पॅरासिटामॉलने ताप उतरतो, विषाणू उतरत नाही. औषधाच्या जोरावर मूल चार-पाच तास टवटवीत दिसतं आणि त्या चार-पाच तासांत वर्गात बसून आजार वाटतं. फ्लूचा माणूस लक्षणं दिसायच्या आदल्या दिवसापासून पुढे पाच ते सात दिवस इतरांना लागण देऊ शकतो. लहान मुलं त्याहून जास्त दिवस देतात. म्हणजे तुम्ही पाठवलंत तो त्याच्या आजाराचा बहुधा सर्वात संसर्गजन्य दिवस. शाळेची व्हॅन डोळ्यांसमोर आणा: आठ जणांच्या जागी बारा मुलं, पावसाचं प्लास्टिक खाली ओढलेलं, दप्तरं मांडीवर, आणि मधोमध तुमचा मुलगा खोकतोय. तिथे वेट वाइप काय पुसणार?

दुपारी गोळीचा असर गेला की शाळेतून फोन येतो, तुम्ही ऑफिसातून धावता, आणि संध्याकाळी माझ्यासमोर मूल १०३ तापाने फणफणलेलं असतं. वर पालक विचारतात, 'शाळेतूनच आणलं असेल ना?' दोन दिवसांनी त्याच व्हॅनमधलं दुसरं मूल येतं. त्याच्या घरी केमोथेरपी चालू असलेली आजी असते. ती आजी तुमच्या हिशेबात कधीच नव्हती.

नियम साधा आहे: तापाचं कुठलंही औषध न देता पूर्ण चोवीस तास ताप आला नाही, की मग शाळा. त्यानंतर आठवडाभर थोडा खोकला राहील, त्यासाठी घरी डांबून ठेवायची गरज नसते. तरी परत पाठवण्याआधी तुमच्या डॉक्टरांना एकदा विचारा. दम्याचं किंवा हृदयाचा त्रास असलेलं मूल असेल तर नक्कीच.

शाळांनाही सांगायचंय. 'शंभर टक्के हजेरी'चं बक्षीस पावसाळ्यात बंद करा. दोन दिवसांच्या तापाला डॉक्टरचं सर्टिफिकेट मागू नका. ज्या मुलाने घरी पडून राहायला हवं ते त्या कागदापायी दवाखान्याच्या कोंदट बाकावर तासभर बसतं, शेजारी कुणाचं तरी लसीकरणाला आलेलं बाळ. चुकलेली चाचणी पुन्हा घेता येते. २००९ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात शाळा आणि सिनेमागृहं सगळीच बंद ठेवावी लागली होती. त्यापेक्षा चार मुलं चार दिवस घरी राहिलेली स्वस्त पडतात. आईवडील दोघं नोकरी करतात, रजा मिळत नाही, हे मला माहीत आहे. कचेऱ्यांना म्हणूनच विनवते की मूल आजारी असताना पालकाला अडवू नका.

आणि तापासाठी मुलाला ॲस्पिरिन असलेली गोळी चुकूनही नको. फ्लूमध्ये त्याने मेंदूला आणि यकृताला सूज येण्याचा विरळ पण जीवघेणा धोका असतो. पॅरासिटामॉलचा डोसही वजनावर ठरतो. मागच्या वर्षीचं माप या वर्षी चालत नाही.

साथीत सरसकट एन९५ लावावा का?

गर्दीत साधा सर्जिकल मास्क पुरे. जोखमीच्या माणसालाच नाइलाजाने रुग्णाची सेवा करावी लागली तर त्याने एन९५, तोही चेहऱ्याला घट्ट बसणारा. हनुवटीवर ठेवलेला कुठलाच नको.

मला मधुमेह आहे. गेल्या वर्षीच्या ऑसेल्टामिविरच्या (फ्लूच्या विषाणूवरचं औषध) सहा गोळ्या उरल्यात. घसा खवखवला की सुरू करू का? आणि लस घ्यावी का? (निवृत्त शिक्षक, कोल्हापूर)

मुळात सहा गोळ्या उरल्या कशा, सर? कोर्स पूर्ण करायचा होता. स्वतःच्या मनाने सुरू करू नका. मात्र मधुमेह असल्याने ताप-खोकला सुरू झाल्याच्या पहिल्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. हे औषध पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर सर्वात उपयोगी. 'बघू दोन दिवस' यात नेमके तेच तास जातात. शेजाऱ्याने दिलेलं ॲझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक फ्लूच्या विषाणूवर चालत नाही.

लस घ्या, दरवर्षी. विषाणू रूप बदलत राहतो म्हणून लसही दरवर्षी नव्याने ठरवली जाते. संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, त्यामुळे साथ दारात आल्यावर धावाधाव करण्यापेक्षा पावसाळ्याआधी घेतलेली बरी. कोणती आणि कधी, ते साखरेचे रिपोर्ट पाहून तुमचे डॉक्टर सांगतील.

प्रत्येक सर्दी-तापाला स्वाइन फ्लूची टेस्ट करावी का?

नाही. सौम्य लक्षणांत सरकारी मार्गदर्शक सूचनांनुसारही गरज नसते. कुणाला करायची ते तपासणारा डॉक्टर ठरवेल, लॅबचं पॅकेज नव्हे.

फ्लू होऊन गेल्यावर दातांचा ब्रश बदलावा का?

नको. फक्त सगळ्यांचे ब्रश एका पेल्यात गळ्यात गळा घालून ठेवू नका.

वडील ६८ वर्षांचे. चार दिवस ताप, कालपासून धाप लागते, जरा गुंगीतही असतात. घर रोज दोनदा डिसइन्फेक्ट करतोय. आणखी काय करू? (बीड)

फडकं खाली ठेवा आणि त्यांना आत्ता रुग्णालयात न्या. धाप, छातीत दुखणं, गुंगी, थुंकीत रक्त, नखं-ओठ निळसर पडणं, रक्तदाब उतरणं, यातलं एकही लक्षण असेल तर घरचे उपाय थांबतात. लहान मूल प्यायचं सोडतं किंवा सतत किरकिरं, निपचित होतं, तेव्हाही तेच. तुमच्या पत्राखाली फोन नंबर होता, त्यावर उत्तर आधीच कळवलं आहे. बाकीच्यांनी अशा वेळी मला लिहीत बसू नका, १०८ फिरवा.