प्रश्न तुमचे: पहिली युरोपवारी, समुद्राच्या कडेकडेने

युरोपातल्या समुद्रकाठच्या गावांविषयी सातारा-सांगलीकडून आलेल्या पत्रांतली काही इथे घेतली आहेत.

मे महिन्यात अकरा दिवस आहेत. आम्ही दोघं, मुलगा चौदा वर्षांचा, मुलगी नऊ वर्षांची. बार्सिलोना, नीस, व्हेनिस, दुब्रोवनिक आणि जमलं तर ग्रीसचं एखादं बेट अशी यादी केली आहे. क्रम कसा लावावा?
— वाचक, सातारा

क्रम लावू नका, यादीला कात्री लावा. या पाच ठिकाणांमध्ये चार विमानं येतात, आणि दर विमानामागे अर्धा-पाऊण दिवस जातो. मुलांच्या आठवणीत समुद्रापेक्षा विमानतळच जास्त राहतील.

त्यापेक्षा एकच किनारा धरा. पहिल्या खेपेला फ्रान्समधल्या नीसपासून इटलीतल्या ला स्पेत्सियापर्यंतचा पट्टा आम्हाला सर्वात सोयीचा वाटतो, कारण रेल्वे जवळजवळ समुद्राला खेटून जाते. विमानाचं तिकीट ‘मल्टी-सिटी’ काढा: जाताना मुंबई ते नीस (आखाती देशात विमान बदलून), येताना मिलान ते मुंबई. मग आलेली वाट पुन्हा तुडवावी लागत नाही. नीसला तीन रात्री, जेनोव्हाला तीन, लेव्हान्तोला तीन, शेवटची मिलानला. विमानातली रात्र धरून अकरा दिवस भरले.

नीसच्या विमानतळावरून २ नंबरची ट्राम थेट शहरात येते. तिथला समुद्रकिनारा वाळूचा नाही, गोट्यांचा आहे. अनवाणी चार पावलं टाकली की मुलं रडकुंडीला येतात, म्हणून रबरी तळव्याचे पाण्यातले बूट घ्या. वाळूच हवी असेल तर लोकल रेल्वेने अर्ध्या तासात आंतीबला जाता येतं. मेमध्ये ऊन छान असतं आणि सूर्य साडेआठनंतर मावळतो, पण पाणी गार असतं. गणपतीपुळ्याच्या पाण्याची सवय असलेली मुलं पाच मिनिटांत बाहेर येतील, याची तयारी ठेवा.

नीसहून जेनोव्हाला जाताना व्हेन्तिमीलिया या सीमेवरच्या स्टेशनात बहुतेक वेळा गाडी बदलावी लागते. सगळा प्रवास साधारण सव्वातीन-साडेतीन तासांचा. दोन गाड्यांमध्ये निदान चाळीस मिनिटांचं अंतर ठेवा. जेनोव्हात दोन मोठी स्टेशनं आहेत, प्रिन्चिपे आणि ब्रिन्योले. जुन्या बंदराजवळ खोली घेतली असेल तर प्रिन्चिपेला उतरा. बंदरावरचं मत्स्यालय १९९२ सालचं आहे आणि युरोपातल्या मोठ्या मत्स्यालयांत त्याची गणना होते. त्याला अर्धा दिवस द्या. बोक्कादासे हा कोळ्यांचा जुना पाडा संध्याकाळी बघा.

द्राक्ष आणि ऊस हेच उत्पन्न. प्राप्तिकर जवळजवळ शून्य. व्हिसा मिळेल का? अर्ज कुठल्या देशाकडे करायचा?
— वाचक, तासगाव

शेतीचं उत्पन्न हा अडथळा नाही, ते कागदावर न दिसणं हा अडथळा आहे. अर्ज तपासणाऱ्याला तीन गोष्टी बघायच्या असतात: खर्च झेपेल का, पैसा कुठून आला आणि माणूस परत येईल का.

विवरणपत्र भरत असाल तर करमुक्त शेती उत्पन्नाचा रकाना रिकामा सोडू नका. सोबत सातबारा, आठ-अ, कारखान्याची ऊसबिलं, बेदाण्याच्या सौद्याच्या पट्ट्या आणि बँकेचं सही-शिक्क्याचं खातेपत्रक जोडा. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर करून घ्या. सर्वात जास्त घोटाळा होतो तो इथे: अर्जाच्या आठवडाभर आधी मेहुण्याकडून चार लाख घेऊन खात्यात टाकले जातात. अशी अचानक आलेली रक्कम संशय वाढवते. बेदाणा विकून एकदम मोठी रक्कम आली असेल तर मात्र बिनधास्त दाखवा, पट्टीवरची रक्कम आणि खात्यातली रक्कम जुळली की झालं. एका पानाचं पत्र लिहून जमीन, पिकं, वर्षात पैसे कधी येतात आणि परतल्यावरचं काम हे सरळ सांगा. पगारदाराच्या खात्यात दरमहा रक्कम येते, तुमच्या येत नाही. त्याचं कारण त्या पत्रातूनच कळतं.

फ्रान्स-इटलीसह युरोपातल्या बहुतेक देशांना एकच ‘शेंगेन’ व्हिसा चालतो. ज्या देशात जास्त दिवस राहणार, त्याच्याकडे अर्ज. वरच्या आराखड्यात इटलीत सात रात्री आणि फ्रान्सात तीन, म्हणून विमान नीसला उतरत असलं तरी व्हिसा इटलीचा. दोन्हीकडे सारखे दिवस असतील तर आधी ज्या देशात पाऊल ठेवणार तो. हॉटेलच्या रात्री, विमानाच्या तारखा आणि विमा यांत एकही रात्र सुटता कामा नये.

फी मोठ्यांना ९० युरो, सहा ते बारा वयाच्या आतल्या मुलांना ४५, सहाच्या आत काही नाही. साताऱ्याच्या वरच्या कुटुंबाला म्हणजे तीन नव्वद आणि एक पंचेचाळीस, ३१५ युरो. व्हिसा अर्ज केंद्राचा सेवा आकार वेगळा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात, ते पंचेचाळीसपर्यंत लांबू शकतात. मेसाठी सगळा महाराष्ट्र मार्च-एप्रिलमध्ये धावतो आणि केंद्राची वेळच मिळत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत उरका. बाराच्या पुढच्या प्रत्येकाला बोटांच्या ठशांसाठी स्वतः जावं लागतं. पाच वर्षांच्या आत शेंगेनसाठी ठसे दिले असतील तर बहुधा पुन्हा लागत नाहीत. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने वैध हवा आणि दोन पानं कोरी हवीत. मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, हे हमखास विसरलं जातं. विमा किमान ३०,००० युरोंचा.

आई ६८ वर्षांची, गुडघे दुखतात. चिंक्वे तेर्रे बघता येईल का?
— वाचक, वाई

येईल, पण चिंक्वे तेर्रे म्हणजे लेव्हान्तो आणि ला स्पेत्सिया यांच्यामधली समुद्रकाठची पाच गावं, ती पाचही नकोत. मुक्काम गावांत न करता लेव्हान्तोला करा. तिथे रस्ते सपाट आहेत आणि पहिलं गाव मोन्तेरोस्सो रेल्वेने पाच-सहा मिनिटांवर आहे. गावांतली भाड्याची घरं बहुधा उंच, अरुंद आणि लिफ्टशिवाय असतात. चाकांची बॅग दगडी पायऱ्यांवर उचलूनच न्यावी लागते.

मोन्तेरोस्सो आईंसाठी सर्वात बरं: स्टेशनासमोरच समुद्र, चालायला सपाट रस्ता. व्हेर्नात्सात स्टेशनातून उतरलं की एकच रस्ता उतरत बंदरावर जातो. मानारोला बोगद्यातून चालत गाठायचं. वर चढायचं नसेल तर धक्क्यापर्यंतच जा. रिओमाज्जोरेत चढ जास्त. कोर्निल्यात स्टेशन खाली आणि गाव डोक्यावर, मध्ये साडेतीनशेहून जास्त पायऱ्या. छोटी बस असते, पण गर्दीत ती भरूनच येते. हे गाव सोडा. तरुण मंडळींनी पायवाटा जरूर चालाव्यात, मात्र चपला घालून नाही. पाऊस झाला की वाटा बंद करतात.

एप्रिल ते ऑक्टोबर बोटी चालतात आणि गावं समुद्रावरूनच सर्वात सुंदर दिसतात. कोर्निल्याला बोट थांबत नाही. समुद्र खवळला की बोट रद्द, म्हणून बोटीचा बेत पहिल्याच दिवशी ठेवा. नाही जमलं तर पुढचे दोन दिवस हाताशी राहतात.

गाडीत चढताना एक लक्षात असू द्या: काही फलाट अर्धे बोगद्यात आहेत. डबा अंधारात थांबला तरी ते स्टेशनच असतं, दाराचं बटण दाबायचं. आपोआप दार उघडेल म्हणून वाट बघणारे पुढच्या गावी पोचतात.

इटलीत तिकीट काढूनही दंड होतो असं ऐकलं. खरं आहे?
— वाचक, फलटण

खरं आहे. प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात घालून शिक्का उमटवावा लागतो, नाहीतर ते न वापरलेलं धरतात. मोबाइलवरच्या प्रादेशिक तिकिटाचंही ‘चेक-इन’ करावं लागतं. लेव्हान्तो ते ला स्पेत्सिया दिवसभर चढ-उतार करणार असाल तर दिवसाचं रेल्वे कार्ड घ्या. गर्दीच्या दिवशी ते महाग असतं.

स्टेशनवर ‘शोपेरो’ हा शब्द दिसला तर संप आहे. तो आधी जाहीर होतो, आणि कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ व संध्याकाळी ६ ते ९ ठराविक प्रादेशिक गाड्या सोडाव्याच लागतात. त्या वेळा पकडा. इटलीहून फ्रान्सात शिरताना मांतोंच्या स्टेशनात पोलीस डब्यात चढून पासपोर्ट मागतात. नीसहून दिवसभरासाठी इटलीकडे गेलात तरी तो हॉटेलात ठेवू नका.

आम्ही शाकाहारी. सोबत काय न्यावं? नात्यातल्यांसाठी कंदी पेढे न्यायचे आहेत.
— वाचक, कराड

पेढे नेऊ नका. युरोपीय संघात बाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. पेढे, खवा, तुपाची बरणी, सगळं जप्त. हापूसची पेटी आणि ताजा कढीपत्ताही नाही. भडंग, मेतकूट, भाजणी, दाण्याची चटणी खुशाल न्या. कुकर न्यायचा तर स्टीलचा, कारण अॅल्युमिनियमचा इंडक्शनवर तापत नाही.

खाण्याची ददात नाही. जेनोव्हात फारिनाता मिळतो: हरभऱ्याचं पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्ह तेल, मोठ्या परातीत भट्टीत भाजलेला. नीसमध्ये त्यालाच सोक्का म्हणतात. जवळजवळ आपलं बेसनाचं धिरडं, फक्त जिरं-मिरची नाही. बटाटा आणि फरसबी घातलेला पेस्तो (तुळशीच्या जातीच्या पानांची चटणी) पास्ता मुलांना आवडतो, पण त्यातल्या पार्मेजानो चीजमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट हे दूध फाडणारं द्रव्य असतं. कडक पाळणाऱ्यांनी ‘सेन्झा फोर्माज्जो’ (चीज नको) म्हणावं, तरी तयार पेस्तोत ते आधीच मिसळलेलं असतं. नुसतं ‘मांस नको’ सांगितलं की मासे येतात. ‘सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे’ असं दोन्ही सांगा. नीसची पिस्सालादियेर ही कांद्याची पोळी निरुपद्रवी दिसते, तिच्यावर खारवलेले छोटे मासे असतात. रात्रीचं जेवण साडेसातच्या आधी सहसा मिळत नाही. बिलात ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी एक-दोन युरो लागतात, ती फसवणूक नव्हे. कार्डाच्या यंत्रावर रुपये की युरो विचारलं तर युरोच निवडा. रुपयांचा दर वाईट लावतात.

मेऐवजी दिवाळीत गेलो तर?
— वाचक, विटा

या किनाऱ्यावर नको. शरद ऋतूत इथे मुसळधार पाऊस होतो; २५ ऑक्टोबर २०११ ला व्हेर्नात्सा आणि मोन्तेरोस्सो पुराच्या चिखलात बुडाली होती. नोव्हेंबरात बोटीही बंद होतात.

मुंबईला विमानासाठी कधी निघावं?
— वाचक, मिरज

आधी तिकिटावरची तारीख नीट वाचा. १० मे, पहाटे २.१० असं असेल तर ९ तारखेच्या रात्री विमानतळावर पोचायचं आहे. दहाच्या रात्री जाणारे दर वर्षी निघतात. अशा विमानासाठी कोयना एक्स्प्रेस बरी, ती दिवसा निघून रात्री मुंबईत पोचते. महालक्ष्मी सकाळी पोचवते, ती दुपारनंतरच्या विमानाला उपयोगाची. गाडीने जाणार असाल तर खंबाटकी, पुणे आणि बोरघाट या तिन्ही ठिकाणी एकेक तास अडकू असं धरून निघा, आणि विमानाच्या चार तास आधी दारात हजर राहा.