झेडस्टँडर्ड आधी उघडता येऊ दे, बनवायचं नंतर बघू

प्रश्न: फाइली पॅक-अनपॅक करणारं एक छोटं ओपन सोर्स टूल लिहिलंय मी, झिप, टार आणि जीझिप एवढंच चालतं त्यात. आता वापरणारे सारखे विचारतायत की झेडस्टँडर्ड कधी, म्हणजे फाइल दाबून लहान करायची ती पद्धत, तिच्या डॉट झेडएसटी फाइली. लायब्ररी आयती मिळते हे माहितीये, पण ती नुसती जोडली की झालं का अजून काही भानगडी असतात? आणि मग डिफॉल्टच झेडस्टँडर्ड करून टाकू का?

उत्तर: शेवटच्या प्रश्नाचं आधी सांगते, नाही, डिफॉल्ट नका करू, निदान आत्ता तरी. का ते पुढे येईलच.

लायब्ररी जोडणं हा सगळ्यात सोपा भाग. डीकोडर (दाबलेला डेटा उलगडणारा कोड) स्वतः लिहायच्या फंदात पडू नका, फॉरमॅट कसाय ते आरएफसी ८८७८ या तांत्रिक दस्तऐवजात, म्हणजे स्पेकमध्ये, नीट दिलंय, ते वाचा मात्र जरूर, कारण बहुतेक बग लायब्ररीत नसतात तर आपण तिला कसं वापरतो त्यात असतात.

पहिली गोष्ट फाइल ओळखायची. एक्स्टेन्शनवर विसंबू नका, लोक काहीही नाव देतात, सुरुवातीचे बाइट बघा. जीझिपचे १एफ ८बी तुमच्याकडे असतीलच, झेडस्टँडर्डचे २८ बी५ २एफ एफडी. आता स्पेकमध्ये हा आकडा एफडी२एफबी५२८ असा दिसतो आणि फाइलमध्ये तो लिटल एंडियन (शेवटचा बाइट आधी) म्हणून उलटा पडतो, त्यामुळे जसाच्या तसा टाइप केलात तर एकही फाइल ओळखली जाणार नाही. शिवाय फाइलची सुरुवात स्किपेबल फ्रेमने (फ्रेम म्हणजे फाइलमधला एक स्वतंत्र तुकडा, स्किपेबल म्हणजे उलगडताना सोडून द्यायचा) पण होऊ शकते, तिचा मॅजिक नंबर, म्हणजे ओळखीचे सुरुवातीचे बाइट, वेगळा (१८४डी२ए५० ते १८४डी२ए५एफ), पीझेडएसटीडी या झेडस्टँडर्डच्याच समांतर चालणाऱ्या प्रोग्रॅमने बनवलेल्या फाइली अशाच असतात. हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही आणि मग चांगली फाइल "अनोळखी फॉरमॅट" म्हणून परत जाते.

दुसरी गोष्ट जास्त धोक्याची. एका डॉट झेडएसटी फाइलमध्ये एकामागोमाग कितीही फ्रेम असू शकतात, दोन फाइली कॅट कमांडने जोडल्या तरी ती व्हॅलिड फाइलच. तुमचा लूप पहिली फ्रेम संपली की "झालं" म्हणून बाहेर पडला तर उरलेला डेटा गुपचूप गायब, एरर नाही काही नाही. बॅकअप उघडणाऱ्या माणसाला हे कधी कळेल विचार करा. म्हणून टेस्टमध्ये दोन फ्रेमवाली फाइल पाहिजेच, आणि मध्येच तुटलेली पण एक, तिथे एरर आलीच पाहिजे.

मूळ साइज हेडरमध्ये असेलच असं धरू नका, ते फील्ड ऐच्छिक आहे, पाइपमधून (एका प्रोग्रॅमचं आउटपुट थेट दुसऱ्याला देऊन) बनवलेल्या फाइलीत सहसा नसतंच. आणि असलं तरी त्यावर डोळे झाकून मेमरी घेऊ नका, कोणी मुद्दाम खोटा आकडा लिहिला तर तुमचं टूल झोपलं. प्रोग्रेस बार वाचलेल्या बाइटवर चालवा, सुटलात.

मेमरीवरून आठवलं. जीझिप आतून वापरतं त्या डिफ्लेट पद्धतीची विंडो, म्हणजे उलगडताना मागचा जेवढा डेटा मेमरीत ठेवावा लागतो ती, ३२ केबीची, त्यामुळे तुम्हाला आजवर याचा विचार करावा लागला नसेल. इथे लायब्ररीचा स्ट्रीमिंग डीकोडर १२८ एमबीपर्यंतची विंडो स्वीकारतो आणि त्याहून मोठीला नाही म्हणतो, पण लाँग मोड (मोठ्या विंडोचा ऑप्शन) ३१ वर टाकून बनवलेल्या फाइलला २ जीबी लागते. ती मर्यादा गपचूप वाढवू नका, "या फाइलला एवढी मेमरी लागेल, हवी असेल तर हा ऑप्शन द्या" असा सरळ मेसेज दाखवा.

झिपच्या आतलं झेडस्टँडर्ड वेगळं प्रकरण. तिथे कुठल्या पद्धतीने दाबलंय ते सांगणारा मेथड नंबर ९३, पण आधी थोडा काळ २० दिला होता आणि मग तो रद्द केला, तेव्हा वाचताना दोन्ही घ्या, लिहिताना फक्त ९३.

आता डिफॉल्टचं. आर्च लिनक्सने २०२० च्या जानेवारीत पॅकेजेस एक्सझेड या दुसऱ्या पद्धतीवरून झेडस्टँडर्डवर नेली, एकूण साइज साधारण ०.८ टक्क्यांनी वाढली आणि उघडण्याचा वेग त्यांच्या हिशोबाने १३०० टक्क्यांनी. भारी सौदा, मान्य. पण उघडणारी लायब्ररी त्यांच्या लोकांकडे २०१८ पासूनच पोचलेली होती, मगच त्यांनी बनवायला सुरुवात केली. तुमच्या टूलने बनवलेली फाइल कुठल्या मशीनवर उघडली जाईल ते तुमच्या हातात नाहीये. अधिकृत सेव्हन-झिपमध्ये सुद्धा ही सोय २०२४ मध्ये आली, ती पण उघडण्यापुरती. म्हणून या व्हर्जनमध्ये फक्त उघडणं द्या, पुढच्यात बनवणं, ते पण ऑप्शन मागितला तरच.

बनवणं द्याल तेव्हा दोन गोष्टी. चेकसम (डेटा बिघडलाय का ते ओळखायचा आकडा) चालू करा, कमांड लाइनवाला प्रोग्रॅम तो आपणहून टाकतो पण लायब्ररीत डिफॉल्ट बंद असतो, आणि टारला स्वतःचा चेकसम फक्त हेडरपुरता असतो, आतल्या डेटाला नाही. दुसरं म्हणजे लेव्हल, किती जोर लावून दाबायचं ते. जीझिपच्या सवयीने लोक ९ देतात आणि समजतात की झालं सगळ्यात जास्त दाबून, इथे नेहमीच्या लेव्हल १९ पर्यंत जातात आणि काहीच दिलं नाही तर ३. हेल्पमध्ये लिहून ठेवा, नाहीतर "तुमचं कंप्रेशन कमी पडतंय" म्हणून बग रिपोर्ट येत राहतील.

प्रश्न: मला कोणीतरी डॉट टार डॉट झेडएसटी फाइल पाठवलीये, माझा टार जुना आहे, उघडतच नाही. फाइल खराब आहे का?

उत्तर: बहुतेक नाही. ग्नू टारला झेडस्टँडर्ड १.३१ पासून, म्हणजे २०१९ पासून समजतं, तुमचा त्याआधीचा असणार. टार फक्त फाइली एकत्र बांधतो, दाबण्याचं काम वेगळ्या प्रोग्रॅमचं, म्हणून झेडएसटीडी वेगळा इन्स्टॉल करा, त्याने फाइल मोकळी करून पाइपने टारकडे द्या, जुन्या टारला काही फरक पडत नाही. त्या प्रोग्रॅमला टेस्टचा ऑप्शन पण आहे, मायनस टी, आधी तो चालवून बघा. तिथेच एरर आली तर मात्र फाइल परत मागवा.