विक्का म्हणजे नक्की काय? हा खरंच हजारो वर्षं जुना धर्म आहे का?

अमेरिकेत शिकणाऱ्या तुमच्या भाचीने 'मी आता विक्कन आहे, हा ख्रिस्ताच्याही आधीचा धर्म आहे' असं सांगितलं आणि घरात सगळ्यांचं धाबं दणाणलं, असं तुम्ही लिहिलंय. आधी धास्तीचं बघू. विक्का हा स्वतःला चेटकीण म्हणवणाऱ्यांचा निसर्गपूजक धर्म, पण सैतानाशी याचा काही संबंध नाही. सैतान ख्रिस्ती लोकांचा. विक्कावाले त्याला मानतच नाहीत. त्यांच्या देवाला शिंगं असतात, म्हणून गैरसमज होतो. पण तो रानाचा आणि जनावरांचा देव आहे. त्याच्या जोडीला चंद्राची देवी असते, आणि बऱ्याच गटांत मोठा मान तिचाच.

'ख्रिस्ताच्या आधीचा' हे मात्र साफ चूक. हा धर्म साधारण आपल्या प्रजासत्ताकाच्या वयाचा आहे.

मी साउदॅम्प्टनला राहतो. विक्काची सुरुवात जिथे झाली म्हणतात ते न्यू फॉरेस्ट इथून अगदी जवळ. तिथल्या बर्ली गावात आज पर्यटक हौसेने चेटकिणींचे झाडू विकत घेतात. या सगळ्याच्या मुळाशी आहे जेराल्ड गार्डनर (1884–1964) नावाचा गृहस्थ. लहानपणापासून दम्याचा त्रास, तरुणपण सिलोन, बोर्निओ आणि मलायात गेलं. आधी चहा-रबराच्या मळ्यांवर, मग कस्टममध्ये नोकरी. मलायी क्रिस खंजिरांवर त्याने पुस्तकही लिहिलं. निवृत्तीनंतर तो न्यू फॉरेस्टजवळ हायक्लिफला येऊन राहिला आणि 1939 मध्ये तिथल्या चेटकिणींच्या एका गुप्त गटाने आपल्याला दीक्षा दिली, असं पुढे सांगू लागला. 1940 मध्ये याच मंडळींनी हिटलरने इंग्लंडवर चाल करू नये म्हणून रात्री रानात विधी केला, हीसुद्धा त्याचीच कथा. ऐकायला झकास, पुराव्याच्या नावाने ठणठणाट.

ब्रिटनमधला 1735 चा चेटूकविरोधी कायदा 1951 मध्ये रद्द झाला आणि 1954 मध्ये गार्डनरचं 'विचक्राफ्ट टुडे' बाजारात आलं. प्रस्तावना मार्गारेट मरे या कोलकात्यात जन्मलेल्या इजिप्त-अभ्यासक बाईंची. युरोपात चेटकीण म्हणून मारलेल्या बायका प्रत्यक्षात एका जुन्या धर्माच्या अनुयायी होत्या, असं त्यांनी 1921 मध्ये मांडलं होतं. गार्डनरचा दावा यावरच उभा होता: तो धर्म मेला नाही, मला त्याचे शेवटचे लोक भेटले. मरेबाईंचा सिद्धांत इतिहासकारांनी केव्हाच मोडीत काढला. विक्काचे विधी कुठून कुठून जमवले, हे इतिहासकार रोनाल्ड हटन यांनी 1999 च्या ग्रंथात तपशिलात दाखवलंय. तीन पायऱ्यांची दीक्षा फ्रीमेसन या गुप्त मंडळासारखी, काही मजकूर अलिस्टर क्रॉली या इंग्रज गूढविद्यावाल्याचा, काही चार्ल्स लेलंड या अमेरिकन लोककथा-संग्राहकाच्या इटालियन चेटकिणींवरच्या पुस्तकातला.

मला यातली सगळ्यात आवडती व्यक्ती डोरीन व्हॅलिएंटी. 1953 मध्ये दीक्षा घेतल्यावर क्रॉलीच्या ओळी तिने लगेच ओळखल्या आणि गार्डनरला तोंडावर विचारलं. तो म्हणाला, तुला जमत असेल तर तू चांगलं लिही. तिने खरोखर लिहिलं. देवीच्या तोंडचं जे निवेदन आज विधींत म्हणतात, त्याला आजचं रूप तिने दिलंय. एवढं डोळ्यांसमोर घडलेलं असूनही लोकांना हा धर्म पुरातनच हवा असतो. तरुण असल्याने त्याचं काय बिघडतं, मला कळत नाही.

आता प्रत्यक्ष आचरण. जमिनीवर वर्तुळ आखून ती जागा पवित्र करतात आणि चार दिशांना चार तत्त्वं बोलावतात. बहुधा पूर्वेला वायू, दक्षिणेला अग्नी, पश्चिमेला जल, उत्तरेला पृथ्वी. काळ्या मुठीचा खंजीर असतो, पण परंपरेने त्याने काही कापायचं नसतं. वर्तुळ आखायचं, शक्ती वळवायची. शेवटी वाइन आणि केक, म्हणजे प्रसादच म्हणा. पौर्णिमेला एकत्र जमतात, शिवाय वर्षाचे आठ सण: अयनदिन, विषुवदिन आणि त्यांच्या अधलेमधले चार. ऑस्ट्रेलियातले अनेकजण हे सण सहा महिन्यांनी उलटे करतात, कारण तिथे ऋतूच उलटे. गार्डनरच्या गटात विधी विवस्त्र होत, ही गोष्ट वर्तमानपत्रांनी भरपूर चघळली. आज बरेच गट झगे घालतात. मुख्य नियम एकच: कुणाला इजा होत नसेल तर मनाला येईल ते करा.

अमेरिकेत 1986 मध्ये एका अपील न्यायालयाने विक्का हा धर्म असल्याचं मान्य केलं, आणि 2007 पासून सैनिकांच्या सरकारी स्मृतिशिळांवर पंचकोनी ताऱ्याचं चिन्ह कोरता येतं. आपल्याकडे नंदुरबारच्या बाजूला बायकांना डाकीण ठरवून छळतात, त्याच्याशी हे जोडू नका. तिथे गाव आरोप करतं; तुमची भाची स्वतःहून, कायद्याच्या संरक्षणात हे करते आहे.

तिच्याशी बोलताना एवढं विचारा, एकटीने करतेस की गटात? एकटीने करणारे आज पुष्कळ आहेत. गटात असेल तर दीक्षेसाठी पैसे मागतात का, हे जरूर विचारा. गार्डनरच्या परंपरेत दीक्षेचे पैसे घेत नाहीत, त्यामुळे कुणी हजारो डॉलर मागत असेल तर तिला तिथून बाहेर काढा.