व्हिएन्नात सुट्टीत नेमका पाऊस आहे. शोनब्रुन राजवाडा पाहायला जावं का?

हो, खुशाल जा. खरं पाहण्यासारखं सगळं आतच आहे. १७६२ मध्ये सहा वर्षांचा मोत्झार्ट सम्राज्ञी मारिया थेरेसासमोर वाजवायला आला होता, तो इथेच. पण माझ्या मते आपल्या लोकांनी चुकवू नये ते ‘मिलियन रूम’. तिथल्या शिसवी भिंतींत मुघल दरबारातली लघुचित्रं बसवलीत, तीही कापून, नव्याने जुळवून. जवळ जाऊन पाहिलं की एका चौकटीतले जोड चक्क दिसतात. त्यासाठी पूर्ण फेरीचं तिकीट घ्या, छोट्या फेरीचं नको. मात्र पावसात सगळेच आत येतात आणि प्रवेश ठरलेल्या वेळेनुसारच मिळतो, तेव्हा तिकीट आधीच ऑनलाइन काढा. मोठी बाग फुकट आहे, ती उघडीप मिळाली की पाहा.